झुरी काय म्हणाली

दुसऱ्या पट्टीवरही एकच रेघ उमटली. जैनीने माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे.

"पंधरा मिनिटं होऊन गेली," मी म्हटलं. "मलेरिया नाही."

"मलेरियाच आहे, बाई."

"दोन-दोन पट्ट्या नाही म्हणतात आणि तू हो म्हणतेस. तुला काय आतलं दिसते?"

जैनीने पोरीची खालची पापणी बोटाने ओढून दाखवली. आतून पांढरीफटक. मग माझा हात धरून पोरीच्या पोटावर ठेवला, डाव्या बरगडीच्या खाली. तिथे टणक लागत होतं. मला ते कळत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं त्या जंगलात नर्स म्हणून काढली होती मी. पण मी म्हटलं, इथल्या दर तिसऱ्या लेकराची प्लीहा सुजलेलीच असते, त्यावरून काही ठरत नाही.

आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. मार्चचा शेवट होता, आणि गडचिरोलीच्या त्या टोकाला मोहाच्या दिवसांत गावात माणूस सापडत नाही. फूल रात्रभर टपटपत राहतं, उजाडायच्या आत वेचलं नाही तर डुकरं-अस्वलं फडशा पाडतात. म्हणून अख्खं कोडसेटोला आपापल्या झाडाखाली राहायला येतं. चूल येते, मडकी येतात, कोंबड्या येतात, तान्ही लेकरंही येतात. सरकारने दिलेल्या मच्छरदाण्या तेवढ्या घरी राहतात. झाडाला मच्छरदाणी कुठे बांधणार?

पोरीचं नाव सुंगी. दोन वर्षं पुरी व्हायची होती. तिची आई झुरी तिला मांडीवर घेऊन बसली होती. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती, बाजारात दोघं भाव करतात तेव्हा गाय कशी मधे उभी असते तशी. बाप विज्जा फुलांची टोपली भरून गावाकडे गेला होता.

जैनी पुंगाटी ही तिथली आशा सेविका. गावचीच सून, आश्रमशाळेत आठवी शिकलेली. सहा वर्षं ती ताप आलेल्यांची बोटं टोचत होती, आणि तिच्या हाताला पोरं रडायची नाहीत. माझ्या हाताला रडायची. माझा आवाज मोठा, आणि मी घाईची बाई. हे मी आज कबूल करते. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर त्याला दोन शब्द सुनावले असते.

जैनीने पिशवीतून पिवळं पाकीट काढलं. एक ते चार वर्षांच्या लेकराला मलेरियाच्या ज्या गोळ्या देतात, त्या पिवळ्या पाकिटात येतात. तिने कडा फाडायला घेतली, आणि मी ते पाकीट तिच्या हातातून ओढून घेतलं.

"पट्टीवर दोन रेघा आल्याशिवाय गोळी द्यायची नाही. कितीदा सांगायचं?"

"एक रोज आड थंडी वाजते तिला. मी बघितलं आहे."

"व्हायरल असन. पाऊस कसा पडला या वर्षी, तूच बघितलं ना."

आता त्या पावसाचंही सांगते. त्या वर्षी थंडी आलीच नाही. जानेवारीच्या अखेरीस पाऊस पडला, फेब्रुवारीत तीनदा पडला, एकदा गारा पडल्या. एरवी मार्चमध्ये नाल्यात नुसते गोटे दिसायचे. त्या वर्षी गोट्या-गोट्यांच्या मधे डबकी होती, आणि वरून ऊन. मी येताना नाला ओलांडला तेव्हा पाण्यावर किडे वळवळताना पाहिले होते. पाहिले आणि चपला हातात घेऊन पुढे आले. कारण आमच्याकडे मलेरियाचा हंगाम म्हणजे जून ते नोव्हेंबर. फवारणी त्या हिशेबाने, नवीन पट्ट्या त्या हिशेबाने, वरिष्ठांचे दौरे त्या हिशेबाने. डासांना कोणी कॅलेंडर दिलं नव्हतं.

बरं, हंगाम नाही म्हणून पट्ट्याही नव्हत्या. आजूबाजूच्या उपकेंद्रांत एक पट्टी नव्हती. माझ्याकडे मात्र तीन पेट्या होत्या. मी साठवणारी बाई. एका पावसाळ्यात पट्ट्या संपल्या आणि पूर आल्यामुळे नवीन येईनात. तेव्हा मी जी खूणगाठ बांधली ती बांधली. त्यानंतर आलेल्या मालातून दोन-तीन पेट्या बाजूला काढायच्या, आपल्या कपाटात कुलपात ठेवायच्या, आणि ब्रह्मदेव आला तरी बोलायचं नाही. बाकीच्या सिस्टर मला हसायच्या. त्या मार्चमध्ये मी त्यांना हसले. जैनीने निरोप पाठवला की गावात ताप आहे, तेव्हा मी मोठ्या ऐटीत कपाट उघडलं होतं.

पाकीट ओढून घ्यायलाही कारण होतं. आदल्या वर्षी माझ्याच हाताखालच्या दुसऱ्या एका आशाने चाचणी न करता चाळीस जणांना गोळ्या वाटल्या, आणि नोटीस मला आली. अशा वाटल्या तर जंतू गोळ्यांना जुमानेनासा होईल, असं त्यात लिहिलं होतं, आणि ते खरंच आहे. मी कानाला खडा लावला होता.

मी सुंगीच्या रक्ताची काचपट्टीही घेतली. ती मोठ्या दवाखान्यात जाते, तिथला माणूस सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. उत्तर यायला चार-पाच दिवस लागायचे. तापाचं औषध दिलं, ओल्या फडक्याने अंग पुसायला सांगितलं, आणि झुरीला तिच्या भाषेत म्हटलं की पोर अशक्त दिसते, मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. अठरा किलोमीटर होतं. त्यातलं सहा पायी.

माडिया मी बऱ्यापैकी शिकले होते. त्या भागात नोकरी टिकवायची तर शिकावीच लागते.

झुरीने विचारलं, "मलेरिया आहे का?"

"नाही."

"मग कशाला जायचं? आठ दिवसांत फूल संपेल."

मीच नाही म्हटलं होतं. मलेरिया म्हटलं की ते लोक जातात, त्यांनी पोरं मेलेली पाहिलेली असतात. साध्या तापाला कोण मोह सोडून जाईल? मी जैनीला म्हटलं, लक्ष ठेव, आणि निघाले. जैनी नाल्यापर्यंत पोचवायला आली. वळताना एवढंच म्हणाली की पाकीट दे, माझ्यापाशी असू दे. मी दिलं नाही. माझ्या पिशवीत टाकून घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुंगीला झटके आले. विज्जाने आणि त्याच्या भावाने खाटेला दोर बांधून कावड केली, तिच्यावर पोरीला घातलं आणि सडकेकडे पळत निघाले. जैनी पुढे धावत गेली, दवाखान्याच्या गाडीला फोन लागेल अशा टेकडीवर. फोन लागला. गाडी येते म्हणाले. गाडी आली तेव्हा दोघं भाऊ सडकेच्या कडेला बसले होते आणि पोरीच्या तोंडावर झुरीचा पदर टाकलेला होता. ड्रायव्हरने मला सांगितलं, सिस्टर, मी वळवली आणि परत आलो, काय करणार.

मला अन्न गेलं नाही हे खरं. पण मला स्वतःवर संशय आला नाही हेही खरं. मी म्हटलं, मेंदूज्वर असेल, काय काय असतं. पट्टी होती ना माझ्यापाशी. दोन पट्ट्या होत्या.

पाचव्या दिवशी मी मोठ्या दवाखान्यात गेले तर तिथला लॅबवाला काचपट्टी समोर ठेवूनच बसला होता. म्हणाला, "ही कोडसेटोल्याची सुंगी वड्डे कोण? जंतूंनी नुसती खचाखच भरली आहे. अ‍ॅडमिट केलं ना हिला?"

मी म्हटलं, ती गेली.

तो जागेवरून उठला आणि डॉक्टरांना सांगायला गेला. मी तिथेच उभी राहिले. माझ्या पिशवीत माझ्या कपाटातल्या चार पट्ट्या होत्या. वॉर्डात एक म्हातारा पडला होता, त्याच दिवशी मलेरिया सापडलेला. मी त्याच्याजवळ गेले, म्हटलं, बाबा, जरा बोट द्या. माझ्या पट्टीवर थेंब घेतला. मग टेबलावरची दवाखान्याची पट्टी घेतली, तिच्यावरही त्याच बोटाचा थेंब घेतला. दोन्ही खिडकीत शेजारी-शेजारी ठेवल्या आणि स्टुलावर बसले.

दवाखान्याच्या पट्टीवर पाच मिनिटांत दोन रेघा आल्या, ठळक. माझ्या पट्टीवर एक. मी वीस मिनिटं थांबले, अर्धा तास थांबले. एकच.

पेटीवर एक चित्र असतं, थर्मामीटरचं. उन्हात, गरमीत ठेवू नका, असा त्याचा अर्थ. ते मी शंभरदा पाहिलं होतं, आशांना प्रशिक्षणात बोटाने दाखवलं होतं. आणि माझं लोखंडी कपाट होतं उपकेंद्राच्या मागच्या खोलीत, टिनाच्या पत्र्याखाली. आदल्या मे महिन्यात त्या खोलीत मेणबत्त्या वाकल्या होत्या. मी त्या मेणबत्त्या फेकल्या. त्यांच्याच खालच्या फळीवर पट्ट्या होत्या, त्या तशाच ठेवल्या, कारण त्यांच्यावरची तारीख संपायला अजून अवकाश होता. अति तिथे माती म्हणतात. माझ्या काटकसरीने माती एका पोरीवर लोटली होती.

मी माझी पट्टी कागदात गुंडाळून ब्लाउजमध्ये खुपसली. कोणाला काही बोलले नाही. बाहेर आले तर डॉक्टर म्हणाले, मेश्राम सिस्टर, उद्या चौकशीला वरून साहेब येत आहेत, तुम्ही गावात हजर राहा. आणि त्या बाईची भाषा कोणाला येत नाही, तेव्हा तुम्हीच सांगा ती काय म्हणते ते.

साहेब तरुण होते, देशावरचे, नवीन बदली होऊन आलेले. वाईट माणूस नव्हता तो. सहा किलोमीटर चालून शर्ट भिजला होता, तरी आधी झुरीच्या झोपडीत डोकावून विज्जाची विचारपूस केली. विज्जाही आता तापाने पडला होता. लॅबवाल्याने बरोबर आणलेल्या एकुलत्या एका पट्टीवर त्याचं रक्त घेतलं, मलेरिया निघाला, गोळ्या तिथल्या तिथे चारल्या. मग साहेब अंगणात खाटेवर बसले. मांडीवर जैनीचं रजिस्टर. समोर जमिनीवर झुरी. तिच्या मागे भिंतीला टेकून जैनी उभी. मी मधे.

रजिस्टरात जैनीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, सुंगी विज्जा वड्डे, पट्टी दोन, एक रेघ. माझं नाव कुठेच नव्हतं. असायचं कारणच नाही, चाचणी आशा करते, नोंद आशा करते.

"हिला विचारा, त्या दिवशी काय झालं," साहेब म्हणाले.

मी विचारलं. झुरी रडत नव्हती. जमिनीवर बोटाने काही करत होती, आणि सांगत गेली, सावकाश, एकेक करून. जैनीने बोट टोचलं. मग पुन्हा टोचलं. जैनी म्हणाली हा मलेरिया आहे. जैनीने गोळी काढली, पाकीट फाडत होती. मग तू तिच्या हातातून पाकीट घेतलंस. तू म्हणालीस मलेरिया नाही. मी तुला विचारलं, मलेरिया आहे का, तू म्हणालीस नाही. तू हो म्हणाली असतीस तर मी फूल टाकून गेले असते. एवढं सांगून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हे सगळं मी साहेबाला सांगेन म्हणून.

नोकरी जाईल, हे आलं मनात. लेकीची बारावी आली. गावाकडे भाऊ म्हणेल, लोकांना उपदेश करत होती, ते आलं. मेलेल्या पोरीचं काही आलं नाही. ते नंतर आलं, आणि मग जे आलं ते आजवर गेलं नाही.

"ती म्हणते," मी म्हटलं, "जैनीने दोनदा बोट टोचलं. दोन्ही वेळा एकच रेघ आली. मलेरिया नाही असं कळलं, म्हणून गोळी दिली नाही. आणि मलेरिया नाही म्हणून ती पोरीला घेऊन गेली नाही."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. एक माणूस तेवढा गाळला होता.

साहेबांनी लिहून घेतलं. लॅबवाल्याला म्हणाले, काचपट्टीवर एवढे जंतू आणि पट्टीवर नाही, हे कसं? तो म्हणाला, थेंब कमी पडला असेल सर, नाही तर द्रव जास्त टाकला असेल, आशांच्या हातून होतं असं. पट्ट्या कुठे ठेवल्या होत्या, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. माझी पट्टी अजून ब्लाउजमध्येच होती, घामाने कागद चिकटला होता.

साहेबांनी मान वर केली. "काय हो जैनीबाई, सिस्टर सांगतात ते बरोबर आहे?"

जैनीला दोन्ही भाषा येत होत्या. झुरी काय म्हणाली तेही तिने ऐकलं होतं, मी काय सांगितलं तेही. अंगणात तसं ऐकू शकणारी ती एकटीच होती. तिने माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. मी खाली बघत होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"रक्त कमी घेतलं होतं का?"

"घेतलं असन, साहेब."

झालं. साहेबांनी रजिस्टर मिटलं. वाईट वाटल्यासारखा चेहरा करून म्हणाले की असा हलगर्जीपणा चालत नाही, एका लेकराचा जीव गेला. जैनीला कामावरून काढल्याचा कागद पंधरा दिवसांनी आला, पण तिचं काम त्या क्षणीच गेलं हे सगळ्यांना कळलं. तिने आत जाऊन गोळ्यांची पिशवी आणली आणि माझ्या पायाशी ठेवली.

साहेबांची माणसं पुढे निघाली. मी मागे राहिले, नाल्यापाशी जैनीला गाठलं. तिच्या पाया पडायचं मनात होतं, असं आता म्हणते. तेव्हा मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, काहून बोलली नाहीस तू. जशी काही चूक तिचीच.

ती पाण्यात पाय सोडून गोट्यावर बसली. म्हणाली, "तुझ्या पट्ट्या मेल्या होत्या ना, बाई?"

मी हो म्हटलं. एवढं एक मी त्या दिवशी खरं बोलले.

"मला वाटलंच. दुसऱ्या पोरांनाही एकच रेघ येत होती." मग म्हणाली, "तू येण्याआधी तीन वर्षं त्या उपकेंद्राला कुलूप होतं. माझी पहिली पोरगी त्या तीन वर्षांत गेली. आज गावात नऊ पोरं तापली आहेत. तुला नेलं असतं तर त्यांना कोणी बघितलं असतं? मी हो म्हटलं ते तुझ्यासाठी नाही."

मी रडायला लागले. ती थांबली, मी आटोपते का ते बघायला, आणि मी आटोपत नाही म्हटल्यावर उठली.

"उद्या चांगल्या पट्ट्या घेऊन ये," ती म्हणाली. "सकाळीच ये. दुपारी सगळे झाडाखाली जातात."

कपाटातल्या तिन्ही पेट्या मी त्याच संध्याकाळी मागच्या खड्ड्यात जाळल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यातून साठ पट्ट्या मागून घेतल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि कोडसेटोल्याला गेले. मला वाटत होतं, एकही दार उघडणार नाही. माझ्यावर दगड आला असता तरी मी समजून घेतलं असतं. पोर मेल्यावर त्या लोकांनी आधी दोन सिस्टरना गावबंदी केली होती, आणि इथे तर झुरीने माझं नाव घेऊन, सगळ्यांसमोर, काय ते सांगितलं होतं.

पण अंगणात माणसं बसली होती. जैनी एका बाजूला उभी होती, हात मागे बांधून. आता तिला काही करायचा अधिकार नव्हता. सगळ्यांत पुढे झुरी होती, मांडीवर तिचा थोरला मनकू. चार वर्षांचा. अंग चुलीसारखं तापलेलं.

मी पट्टी उघडली. झुरीने मनकूचं बोट स्वतःच्या हातात धरून माझ्या पुढे केलं. म्हणाली:

"जैनीने सगळ्यांना सांगितलं काल. तू साहेबाला माझं सगळं बोलणं सांगितलंस. स्वतःचं नावसुद्धा लपवलं नाहीस. तरी साहेबाने जैनीलाच काढलं. मला वाटलं होतं, तू नाही सांगणार. आम्हाला काय कळतं तुम्ही लोक काय बोलता ते." मग म्हणाली, "माझी पोर तुझ्या चुकीने गेली. पण तू खोटी नाहीस. म्हणून याला आणलं."

मी जैनीकडे बघितलं. आता सांगून टाकावं, इथेच, हिच्या भाषेत, असं मला वाटलं. खरंच वाटलं. तोंडही उघडलं असेल, कारण जैनीने मान हलवली. एकदाच, नाही म्हणून. मग मराठीत म्हणाली, म्हणजे झुरीला कळू नये म्हणून, "टोच, बाई. नऊ आहेत."

मी टोचलं. मनकू रडला. पाच मिनिटांत दोन रेघा आल्या. नवांपैकी सात जणांना मलेरिया निघाला, सातही वाचले. हे मी कुठे अभिमानाने सांगत नाही. त्यांना जैनीने वाचवलं, आणि ती पुढची बारा वर्षं तेंदूची पानं तोडत राहिली.

तिथून मी निवृत्त झाले त्यालाही आता सहा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला कोडसेटोल्याला जाणं झालं. झुरीचे केस पांढरे झालेत, मनकूचं लग्न झालं आहे. तिने मला ओळखलं, हाताला धरून घरात नेलं, आणि नव्या सुनेला पुढ्यात बसवून माझी ओळख करून दिली. म्हणाली, ही तीच. ही बाई स्वतःवर आलं तरी खोटं बोलत नाही.

सुनेने वाकून माझे पाय धरले. मी तिला आशीर्वाद दिला.